एकटीतला ‘च’

मराठीतलं सगळ्यात आगाऊ अक्षर कोणतं असं मला कोणी विचारलं, तर मी ‘च’चं नाव घेईन. बाकीची अक्षरं शब्दाच्या पोटात गुमान बसतात. हे शब्दाच्या शेपटीला लोंबकळतं आणि तिथून अख्खं वाक्य हलवतं. ‘एकटी जाणार?’ हा साधा प्रश्न झाला. ‘एकटीच जाणार?’ म्हटलं की चौकशी समिती बसली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच गणपतीत मी घरात जाहीर केलं की दिवाळी झाली की मी जपानला जाणार, दहा दिवस, एकटी. तेव्हापासून या ‘च’ने माझा पिच्छा पुरवला. वॉचमन म्हणाला, “मॅडम, एकट्याच? साहेबांची तब्येत ठीक आहे ना?” सिटीलाईटच्या बाजारात माझी नेहमीची कोळीण हातातली सुरमई तशीच धरून म्हणाली, “एकलीच? न् दादल्याला कोन रांधून घालंल?” नणंदेला फोन केला तर पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग दबक्या आवाजात, “वहिनी, दादाशी काही झालंय का?”

दादाशी काहीही झालं नव्हतं. दादा सोफ्यावर पेपर वाचत होता. जपान म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून बघितलं आणि “तिथे भूकंप होतात” एवढी माहिती दिली. थोड्या वेळाने म्हणाला, “गीझर कसा लावायचा ते कागदावर लिहून ठेव.” तेहेतीस वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही सर्वांत स्पष्ट संमती.

मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत चौतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी लोकांची एलटीसीची बिलं तपासण्यात गेली. कोण सहकुटुंब कन्याकुमारीला जाऊन आलं आणि कोण फक्त बिलावर जाऊन आलं, हे मला कागद हातात घेतल्याबरोबर कळायचं. स्वतःचा परदेश दोनदा झाला, पण दोन्ही वेळा टूरबरोबर. चाळीस माणसं, एक बस, सीटवरून रोजची भांडणं, आल्प्सच्या पायथ्याशी पावभाजी आणि सगळ्यांच्या पुढे टूर मॅनेजरच्या हातात उंच धरलेली पिवळी छत्री. युरोपात मी सगळ्यात जास्त वेळ काय पाहिलं असेल तर ती छत्री.

जपानच का, असं सगळ्यांनी विचारलं. खरं कारण लाजिरवाणं आहे. ज्या देशाबद्दल आमच्या घरात कोणाचंच काही मत नव्हतं, असा तो एकमेव देश उरला होता.

जपानच्या व्हिसाला तारीखवार कोष्टक द्यावं लागतं. कुठल्या दिवशी कुठे फिरणार, रात्री कुठे मुक्काम करणार. जो हिशेब मी कधी नवऱ्याला दिला नाही, तो जपान सरकारला दिला. कोष्टकं आखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. रकाने झकास पडले. पण ‘काय पाहणार’ या रकान्याशी पेन अडलं. इतकी वर्षं प्रत्येक सहलीत ‘आपण’ जायचो. आपण म्हणजे ह्यांना चालेल तितकं चालायचं, मुलीला आवडेल ते बघायचं, सासूबाईंना झेपेल तिथे बसायचं. त्यातून सगळ्यांना वजा केल्यावर बाकी जी उरते तिला नक्की काय बघायचंय, हे मला माहीतच नव्हतं. शेवटी मी ‘बाग’ असं लिहिलं. बागेला कोणी हरकत घेत नाही.

मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या तरुण साहेबाने पासपोर्ट घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. “एकट्याच?” मी हो म्हटलं. त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, “सांभाळून जा, मावशी.” सरकारी शिक्क्याबरोबर नातंही मिळालं.

विमानात पट्टा बांधला आणि पोटात गोळा आला. मग स्वतःलाच दटावलं. 1883 साली आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत चढल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवरा मागे राहिलेला, पुढे दोन महिन्यांचा समुद्र, सोबतीला मिशनरी बायका, आणि पलीकडे डॉक्टरकी शिकायची. मी एकोणसाठ वर्षांची. पुढे आठ-नऊ तासांचा प्रवास, खिशात मुलीने नकाशे भरून दिलेला मोबाइल. आणि घाबरायचं कशाला, तर हवाईसुंदरीने इंग्रजीत काय विचारलं ते कळलं नाही म्हणून. ती बिचारी चहा की कॉफी विचारत होती.

पहिला धक्का नारिता विमानतळाच्या स्वच्छतागृहात बसला. परदेशी जाणारा आपला माणूस एक वेळ पासपोर्ट विसरेल, पण प्लास्टिकचा मग विसरणार नाही. माझाही हॅण्डबॅगेत होता. आत गेले तर भिंतीवर कॅसिओच्या पेटीसारखी बटणांची रांग. टोटो कंपनीने 1980 सालीच पाण्याची ही सोय वॉशलेट या नावाने बाजारात आणली, आणि आम्ही इकडे अजून मग वाहून नेतोय. मी त्यातल्या त्यात ओळखीचं वाटलं ते बटण दाबलं. पाण्याचा धो धो आवाज आला. पाणी मात्र कुठेच दिसेना. सगळीकडे वाकून बघितलं. ते बटण फक्त आवाजाचं होतं. आपला कार्यक्रम शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून नुसता पाण्याचा आवाज काढणारं यंत्र! आमच्या चाळीत सहा बिऱ्हाडांत दोन संडास होते आणि बाहेरून लोक “झालं का?” विचारायचे. मी ते बटण आणखी दोनदा दाबून ऐकलं. प्लास्टिकचा मग दहा दिवस बॅगेतून बाहेर निघालाच नाही. येताना मला त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी कोष्टकातल्या बागेत जायला निघाले. पेंग्विनचं चित्र असलेलं सुइका कार्ड गेटवर टेकवलं, गेट उघडलं आणि मी रुबाबात गाडीत बसले. डबा खच्चून भरलेला, पण आवाज कोणाचा म्हणून नाही. तिथे गाडीत फोनवर बोलत नाहीत. दीडशे माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत माझा फोन वाजला. रिंगटोन आमच्याकडे पितळी टाळांचा आहे.

“अगं, तुरीची डाळ कुठल्या डब्यात?”

“खालच्या फळीवर, निळं झाकण,” मी कुजबुजले.

“काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाही!”

माझ्याकडे कोणी रागाने बघितलं नाही. कोणी बघितलंच नाही, आणि ते जास्त लागलं. तुरीची डाळ सांगायला मी एक स्टेशन आधीच उतरले.

पुढची गाडी पकडून शिंजुकूला पोहोचले. दादरला राहून ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांना स्टेशनची भीती घालू नये. पण दादरला दिशा दोन, ईस्ट आणि वेस्ट. चुकलात तर पूल चढून पलीकडे. शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात आहे. कोविडच्या आधी तिथून रोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसं जायची, आणि बाहेर पडायचे दरवाजे दोनशेच्या घरात. त्यात एक दक्षिण दरवाजा, एक नवीन दक्षिण दरवाजा आणि एक आग्नेय दरवाजा. वास्तुशास्त्र तरी इतक्या बारकाईने कुठे जातं! मी भुयारातल्या एका दुकानाची खूण धरून चालत राहिले. तासाभरात तेच दुकान, तीच टोपी घातलेला पुतळा मला चार वेळा भेटला. चौथ्या वेळी मी त्याला नमस्कार करायच्या बेतात होते.

शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोबाइलवर बागेचं नाव दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी. त्यांनी बोटाने रस्ता दाखवला नाही. घड्याळात पाहिलं, वळले आणि माझ्यापुढे चालायला लागले. दहा मिनिटं. मी पाठीमागून त्यांच्या तपकिरी टोपीकडे बघत चालले होते आणि एकदम हसू फुटलं. पुन्हा छत्रीच!

बागेत शेवंतीचं प्रदर्शन होतं. एकेका रोपाला शेकडो फुलं, सगळी एका मापाची, कवायतीला उभी. मी एका बाकावर सलग दीड तास बसले. ‘चला’ असं कोणी म्हणालं नाही. पहिला अर्धा तास मी कोणीतरी म्हणेल म्हणून वाटच बघत होते.

संध्याकाळी भूक लागली. परदेशात एकटीने हॉटेलात शिरणं हे मला शिंजुकूपेक्षा अवघड वाटत होतं. दारातल्या मुलीने काहीतरी विचारलं. ‘किती जण’ असणार, या अंदाजाने मी चोरट्यासारखं एक बोट वर केलं. मनात खुलासा तयार होता. नवरा आहे, घरी आहे, चांगला आहे, भांडण नाही. पण तो खुलासा कोणाला नकोच होता. मुलगी कमरेत वाकली आणि आत वळून खणखणीत आवाजात ओरडली, “ओहितोरिसामा!” त्याबरोबर आतल्या चारही आचाऱ्यांनी एका सुरात स्वागत केलं. मला वाटलं, आजच्या पदार्थाचं नाव असेल.

खोलीवर येऊन मुलीला विचारलं. तिची एक मैत्रीण पुण्यात जपानी शिकवते. पुण्यात दर चौथ्या घरात कोणीतरी जपानी शिकतं किंवा शिकवतं असा माझा समज आहे. तिचा व्हॉइस मेसेज आला. “काकू, ‘हितोरि’ म्हणजे एकटं माणूस. आधी लावलेला ‘ओ’ आदराचा. मागचा ‘सामा’ तर फारच आदराचा. तो ते देवालासुद्धा लावतात. म्हणजे बघा ना, तुम्ही श्री एकटेश्वर!”

मी तो मेसेज तीनदा ऐकला. आमच्याकडे एकट्या बाईच्या मागे एक ‘च’ लागतो. इथे पुढून ‘ओ’ आणि मागून ‘सामा’, म्हणजे पालखीच की.

तिथे हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. हॉटेलात एकट्यासाठी लांब फळीसमोर खुर्च्या असतात. काही ठिकाणी दोन खुर्च्यांमध्ये लाकडी आडोसा, म्हणजे नूडल्स ओढताना शेजाऱ्याचं तोंडही दिसू नये. एकट्याने जाऊन गायची कराओकेची खोलीसुद्धा मिळते. रामेनच्या दुकानात तर दारातच मशीन. पैसे घाला, बटण दाबा, चिठ्ठी घ्या, आचाऱ्याला द्या. बोलायचं कामच नाही. सगळी बटणं जपानीत होती. मी स्वस्त आणि मस्त असं एक बटण दाबलं, चिठ्ठी गंभीरपणे पुढे केली. आचाऱ्याने चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली. मग एका वाटीत उकडलेलं अर्धं अंडं ठेवून दोन्ही हातांनी माझ्यासमोर सरकवलं. मी वरचं टॉपिंग तेवढं मागवलं होतं. मी ते अंडं चमच्याने चार घासांत, जमेल तितक्या रुबाबात खाल्लं. त्याने हात पुसले, बाहेर आला आणि मशीनपाशी उभं राहून माझ्याकडून दुसरं बटण दाबून घेतलं.

जेवणाची खरी चैन झाली ती त्सुकिजीला. तिथला माशांचा घाऊक बाजार 2018 साली तोयोसूला हलवला, पण बाहेरची दुकानं जागच्या जागी आहेत. मी मूळची वेंगुर्ल्याची. गर्दीत उभ्या लोकांनी माशांचे फोटो काढले, मी कल्ले वर करून पाहिले. दुकानदार आधी दचकला. मग त्याला कळलं की ही गिऱ्हाईक नाही, परीक्षक आहे. त्याने स्वतःहून दुसऱ्या माशाचा डोळा दाखवला. मी मान डोलावली. दोन देशांमध्ये याहून सरळ बोलणी झाली नसतील.

शेजारीच एका टपरीवजा हॉटेलात ‘साबा’ मागवला. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला, साल करपून फुगलेली, बाजूला किसलेल्या मुळ्याचा छोटा डोंगर, वाफाळता भात, वाटीत मिसोचं गरम पाणी आणि कोपऱ्यात लोणच्याची फोड. पहिला घास घेतला आणि मी मोठ्याने “आई गं!” म्हणाले. हे तर माझ्या आजीचं दुपारचं जेवण! काटे काढून मासा कसा साफ करायचा, हे मला त्या रांगेत कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या ताटलीत उरलेला सांगाडा बघून आचाऱ्याने अंगठा वर केला. लेखा शाखेत चौतीस वर्षांत कोणी केला नव्हता.

आता उताराकडे येते. प्रवासात तो येतोच, आणि माझा आला तो नेमका सर्वांत सुंदर जागी.

टोकियोहून क्योटोला शिंकानसेनने निघाले. ही बुलेट ट्रेन 1964 सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली, टोकियो ऑलिंपिकच्या जेमतेम नऊ-दहा दिवस आधी. म्हणजे ती माझ्याहून मोठी, आणि गुडघे माझ्याहून शाबूत. फुजी दिसायला जाताना उजवीकडची खिडकी घ्यायची, ‘ई’ अक्षराची सीट, हे मी आधीच वहीत टिपून ठेवलं होतं. पाऊण तास झाला, कारखान्यांची छपरं मागे पडली आणि अचानक तो समोर उभा. 3776 मीटर, डोक्यावर बर्फ, आकाश स्वच्छ. चित्रात असतो तसा, पण चित्रात तो इतका गप्प असतो हे कळत नाही.

मी शेजारी वळले आणि म्हणाले, “अहो, बघा ना, बघा!”

शेजारी काळ्या सुटातला एक कर्मचारी तोंड उघडं टाकून झोपला होता.

दुःख कसं एकट्याने गिळायचं, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. पण एवढा मोठा आनंद एकटीने कुठे ठेवायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. फोटो काढून घरी पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘डोंगर चांगला आहे. गॅसचा नंबर कुठे लिहून ठेवलायस?’

मी खिडकीकडे तोंड करून थोडी रडले. फुजी तोवर गेला होता, तिथे आता पार्किंग होतं. क्योटोत पाऊस लागला. खोली एवढीशी, की बॅग उघडली तर दार उघडायचं नाही. त्या रात्री मी पलंगावर बसून चिवडा खाल्ला आणि परतीचं तिकीट बदलायला किती पैसे पडतात याचा हिशेब कागदावर मांडला. आकडा बघितल्यावर एकटेपणा बराच कमी झाला.

टोकियोला परतल्यावर भुयारी रेल्वेत माझा स्टीलचा डबा विसरला. दिवाळीच्या चकल्या होत्या. गेला, असं धरूनच मी रस्त्यावरच्या पोलीस चौकीत शिरले. या छोट्या चौकीला ते कोबान म्हणतात. आतल्या तरुण पोलिसाने खुर्ची दिली आणि फॉर्म काढला. इतका सुबक फॉर्म मी माझ्या कार्यालयातही पाहिला नव्हता. रंग? आकार? झाकण? मोबाइलच्या भाषांतरावर गाडी ठीक चालली होती, ‘आत काय?’ इथे अडली. भाषांतराला चकली येईना. म्हणून मी पेन घेतलं आणि कागदावर एकात एक गोल वेटोळं काढलं, वर काटे काढले.

पोलिसाचा चेहरा उजळला. “कातोरि सेन्को!” मग त्याने तोंडाने ‘गुंई’ आवाज काढला आणि हवेत टाळी वाजवली. मच्छर! माझ्या डब्यात डास मारायच्या कॉइल आहेत, अशी त्याची समजूत झाली. मी मान हलवली आणि हाताने खाल्ल्याची खूण केली. तो खुर्चीत मागे सरकला.

ही कॉइल मुळात जपानचीच. उएयामा एइइचिरो नावाच्या गृहस्थांनी आधी डास मारायची सरळ उदबत्ती काढली होती. ती बघता बघता जळून संपायची. ‘गोल गुंडाळा की!’ असं त्यांना सुचवलं त्यांच्या बायकोने, युकीने, 1895 साली. 1902 मध्ये वेटोळं बाजारात आलं आणि जगभर गेलं. कंपनी नवऱ्याची, वेटोळं बायकोचं. आमच्याकडे चकली कोणत्या बाईला सुचली, हे तर कोणी विचारलेलंही नाही.

2018 साली टोकियोच्या पोलिसांकडे तीन लाखांच्या वर विसरलेल्या छत्र्या जमा झाल्या. न्यायला आले शंभरात जेमतेम एक. त्या छत्र्यांच्या महासागरातून माझा डबा दुसऱ्या दिवशी परत आला. आत सात चकल्या. सोबतच्या कागदावर आकडाही सात. मी एक चकली पोलिसाला देऊ केली. त्याने उठून, वाकून, दोन्ही हात हलवून नकार दिला. चौतीस वर्षं लेखा शाखेत काढलेल्या माणसाला याहून पवित्र दृश्य दुसरं नाही.

शेवटच्या दिवशी मला गणपती भेटला. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात यात्रेसारखी गर्दी. तिथून थोडं चालत गेलं की सुमिदा नदीजवळच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं शांत मंदिर लागतं. शोदेन म्हणजे आपलाच गणेश. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे पोहोचला आणि तिकडचा झाला. मूर्ती दाखवत नाहीत, कायम पडद्याआड. आणि वाहायला दुर्वा नाहीत, मुळा! मंदिरावर जिथे तिथे एकमेकांत गुंतलेले दोन मुळे कोरलेले. देवळातच पांढरेशुभ्र मुळे विकत मिळतात. मी एक घेतला आणि वाहिला. मागाहून कळलं की तो मुळा पती-पत्नीच्या सौख्यासाठी वाहतात. पतीला सात हजार किलोमीटरवर ठेवून मी त्याच्या सौख्यासाठी मुळा वाहून आले होते. देवाला विनोद कळतो.

प्रसाद म्हणून वाहिलेल्यातलाच एक अख्खा मुळा माझ्या हातात आला. माझ्या हाताएवढा लांब, तान्ह्या बाळासारखा जड. तो काखेत घेऊन मी टोकियोच्या रेल्वेत उभी. कोणी ढुंकून पाहिलं नाही. टाकून देणं मनाला पटेना, आणि टाकायला कचऱ्याचा डबा सापडला नसता. 1995 साली तिथल्या भुयारी रेल्वेत विषारी सारिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून रस्त्यांवरचे, स्टेशनांवरचे बहुतेक डबे काढून टाकलेत. केळ्याचं साल मी एकदा दिवसभर पर्समध्ये फिरवलं होतं. मुळा पर्समध्ये मावत नव्हता.

मग खोलीवर गेले. शंभर येनच्या दुकानातली सुरी, मिठाची पुडी आणि लिंबू. टीव्हीवर दोन सुमो पैलवान एकमेकांना ढकलत होते आणि मी पलंगावर मांडी घालून गणपतीचा प्रसाद करकरीत खात होते. निम्मा मुळा संपवला. मुळ्याचे जे परिणाम व्हायचे ते रात्रभर झाले. पण खोलीत “अगं, खिडकी उघड!” म्हणणारं कोणी नव्हतं. एकटीने प्रवास करण्याचे फायदे सांगताना हा कोणी सांगत नाही.

सगळंच गोड होतं, असं मात्र म्हणणार नाही. एका रात्री जेवायच्या फळीवर माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते. भाताचं शितही न सांडता जेवले, ताटली पुसून ठेवली, पैसे ट्रेमध्ये मोजून ठेवले आणि गेले. जेवणभर एक शब्द नाही. चिझुको उएनो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एकट्या माणसाच्या म्हातारपणावर 2007 साली लिहिलेलं पुस्तक तिकडे धडाक्यात खपलं. त्याच्या नावातही हाच ‘ओहितोरिसामा’ आहे. पण घरात एकटं माणूस मरून कित्येक दिवस कोणाला कळत नाही, त्यालाही त्या भाषेत वेगळा शब्द आहे. सामा लावला म्हणून रात्री चादर सारखी करायला कोणी येत नाही. आजोबा गेले त्या दाराकडे बघताना मला आमच्या वॉचमनच्या ‘एकट्याच?’ची जरा आठवण आली. नको तितकी चौकशी होती, पण चौकशी होती.

घरी आले. दार उघडलं तर बाल्कनीत आरामखुर्ची, रेडिओ मोठ्याने, टेबलावर कुळथाच्या पिठीचं रिकामं वाडगं. पिठी यांनी केली होती! गीझरची चिठ्ठी जिथे लावली होती तिथेच, पण तिच्याखाली यांच्या अक्षरात पिठीची कृती. मीठ दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलेलं. इकडेही दहा दिवस एक ओहितोरिसामा राहत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी फुजीचं सांगायला लागले, तर हे फोटो पुन्हा काढून नीट बघत होते. मग अगदी सहज म्हणाले, “आता परत कधी जाणार आहेस?” आवाजात आशा होती, असा मला संशय आहे.

परवा एका कामासाठी बाहेर पडले होते. काम लवकर आटपलं, भूक लागली. इतकी वर्षं अशा वेळी मी वडापाव घेऊन चालता चालता खायचे. बाईमाणसाने एकटीने टेबल कुठे अडवायचं? या वेळी सरळ एका उडप्याकडे शिरले आणि पंख्याखालचं चौघांचं टेबल धरलं. पोऱ्याने चार ग्लास आणून आदळले.

“बाकीचे?”

“बाकीचे नाहीत.”

त्याने तीन ग्लासांत तीन बोटं घालून ते उचलले आणि आत ओरडला, “एक लेडीज सिंगल!” वाकला नाही, पण आवाज खणखणीत होता. मी मेनू बघायचं नाटक केलं नाही. मला काय हवंय ते माहीत होतं.

“मसाला डोसा.”

“एकच?”

“एकच,” मी म्हणाले. “आणि कडक.”